फूट आधी उलटा करून पाहा

प्रश्न : माझ्याकडे झिगझॅगचं घरगुती शिलाई मशीन आहे, टाक्याची रुंदी ७ मि.मी.पर्यंत जाते. सध्या साटिनचा फ्रॉक शिवायला घेतलाय. त्याला कन्सील्ड (शिवणीत लपणारी) चेन लावायची आहे आणि कमरेला चुण्या घालायच्या आहेत. शिफॉनच्या चौकोनी स्कार्फच्या कडा बारीक दुमडायच्या आहेत, आणि पुढे एक सुती क्विल्टही करायचं आहे. मागे अ‍ॅप्लिकच्या (वरून शिवलेल्या कापडी तुकड्याच्या) कडेने दाट झिगझॅग मारायला गेले, तर कापड एका जागी अडकलं आणि धाग्याचा गोळा झाला. कच्च्या कडा पक्क्या करायला माझ्या पुस्तिकेत 'जी' फूट (सुईपाशी कापड दाबून धरणारा सुटा भाग) सांगितलाय. तो हरवला, म्हणून मैत्रिणीच्या डब्यातला 'जी' लावला. तिचं मशीन दुसऱ्या कंपनीचं आहे, पण फूट नीट क्लिक होऊन बसला. त्याला मधे उभी पत्ती होती आणि बाजूला छोटा स्क्रू. तिसऱ्या टाक्याला सुई तुटली. आता ३२ नगांचा संच घ्यावा असं मनात आहे. घेऊ का? की एकेक घेऊ, आणि कुठला आधी?

उत्तर : संच आत्ता घेऊ नका. पत्रातली कामं मोजली तर तुम्हाला नवे तीन फूट लागतात: हरवलेल्या ओव्हरकास्टच्या (कच्च्या कडा पक्क्या करणाऱ्या फुटाच्या) जागी एक, कन्सील्ड चेनचा एक आणि बारीक दुमडीचा एक. दाट झिगझॅगचा फूट बहुतेक मशीनबरोबर आलेल्या डब्यात पडलेलाच असेल. क्विल्टसाठी आणखी एक लागेल, पण तो क्विल्टचे थर टाचून तयार झाल्यावरच घ्या.

आधी सुईचं पाहू, कारण बाकीचं सगळं तिथूनच उलगडतं. मधे पत्ती आणि बाजूला स्क्रू, असं तुम्ही लिहिलं ते फार बरं झालं. हे वर्णन ब्लाइंड हेमच्या, म्हणजे बाहेरून टाके न दिसणारी दुमड घालण्याच्या, फुटाचं आहे. फुटावरची इंग्रजी अक्षरं ज्याची त्याची कंपनी ठरवते, ती सगळीकडे सारखी नसतात. ब्रदरच्या मशीनला 'जी' म्हणजे ओव्हरकास्टचा फूट, जानोमेला 'जी' म्हणजे ब्लाइंड हेमचा. 'आर' ब्रदरकडे ब्लाइंड हेम, जानोमेकडे काजाचा फूट. 'ए' एकीकडे काजं, दुसरीकडे रोजचा झिगझॅग. ब्लाइंड हेमच्या फुटातली पत्ती दुमडीची कड टेकवण्यासाठी असते. त्याच्यावर तुम्ही रुंद टाका लावलात आणि डावी-उजवीकडे झुलणारी सुई त्या पत्तीवर आपटली. क्लिक होऊन बसला याचा अर्थ इतकाच की त्याची आडवी पिन तुमच्या होल्डरच्या (मशीनवर फूट धरणाऱ्या भागाच्या) खाचेत मावते. तो कुठल्या टाक्यासाठी आहे, हे त्यावरून कळत नाही.

म्हणून पहिली सवय ही लावा: अक्षर वाचण्याआधी फूट उलटा करून त्याचा तळ पाहा. आणि नवा किंवा उसना कुठलाही फूट लावला की मोटर सुरू करण्याआधी टाका निवडून हाताने चाक आपल्याकडे फिरवा. सरळ टाक्याला एक पूर्ण फेरा, झिगझॅगला किमान दोन, आणि नक्षीच्या टाक्याला नक्षीचा एक तुकडा पूर्ण होईपर्यंत. सुई दोन्ही टोकांना कशालाही न शिवता खाली गेली तरच पेडल दाबा.

सुई तुटली त्या दिवशीचं एक काम राहिलं असेल तर आज करून टाका. तुटलेले तुकडे नव्या सुईशेजारी ठेवून लांबी जुळते का पाहा. टोक सापडत नसेल तर ते बॉबिन केसच्या आसपास असतं. नीडल प्लेट (सुईखालची भोकाची धातूची पट्टी) काढा, बॉबिन बाहेर घ्या आणि ब्रशने किंवा लोहचुंबकाने शोधा. मग प्लेटच्या भोकाच्या काठावरून कापसाचा बोळा फिरवा. कापूस अडकला तर तिथे ओरखडा आहे, आणि पुढचे कित्येक दिवस दोरा तुटत राहील. दोष मात्र आपण टेन्शनला, म्हणजे दोऱ्याच्या ताणाला, देत बसू. हलका ओरखडा अगदी बारीक पॉलिश पेपरने निघतो. खोल असेल तर प्लेट बदलावी. फुटाच्या भोकाचा काठही असाच तपासा, तो मैत्रिणीचा आहे.

आता मापाकडे. फूट ज्या दांड्याला बसतो त्याची उंची, म्हणजे शँक, मशीनगणिक वेगळी असते. फूट खाली सोडा आणि नीडल प्लेटपासून होल्डरच्या स्क्रूच्या मध्यापर्यंत पट्टी धरा. अर्ध्या ते पाऊण इंचाच्या आसपास आलं तर लो शँक, एक इंच किंवा त्याहून जास्त आलं तर हाय शँक. बहुतेक घरगुती मशीन लो शँक असतात, जुनी काळी सरळ टाक्याची मशीनंसुद्धा. सिंगरच्या ४०१ किंवा ५०० सारख्या काही जुन्या मॉडेलांत दांडा आणि सुई दोन्ही तिरकी असतात. त्यांना स्लँट शँकचेच फूट लागतात, दुसरे चालत नाहीत. बर्निनाची बसवण्याची पद्धत स्वतःची आहे. फाफच्या ज्या मशीनला मागून वरचं कापड ओढणारी यंत्रणा आहे, तिथे फुटाच्या मागच्या बाजूला खाच असावी लागते. तुमच्या मशीनवर मैत्रिणीचा स्नॅप-ऑन (क्लिक होऊन बसणारा) फूट बसला, त्यावरून ते लो शँक असण्याची शक्यता खूप आहे. तरी मोजा. क्विल्टसाठी लागणारा वॉकिंग फूट होल्डर काढून थेट दांड्याला लावायचा असतो, आणि तिथे उंची चुकली तर तो एकतर कापडापर्यंत पोचत नाही किंवा कापड सरकवणाऱ्या खालच्या दात्यांवर घासतो.

दुसरं माप रुंदीचं. ७ मि.मी.च्या मशीनवर ५ मि.मी.चा जुना फूट सरळ टाक्याला चालतो, पण पूर्ण रुंदीचा झिगझॅग लावला की सुई आपटते. तिसरी गोष्ट सुईच्या जागेची. काही मशीन सुरू केल्यावर सरळ टाका डावीकडे घेतात आणि मधला सरळ टाका वेगळ्या क्रमांकावर असतो. एकच बारीक भोक असलेला फूट लावला असेल तर मधला टाका निवडलाच पाहिजे.

अ‍ॅप्लिकचा गोळा का झाला, तेही तळ पाहिला की कळतं. रोजचा झिगझॅग फूट खालून सपाट असतो. दाट झिगझॅगमध्ये टाके एकमेकांना चिकटून पडतात आणि धाग्याचा उंचवटा तयार होतो. सपाट तळ त्या उंचवट्यावर चढून बसतो, खालच्या दात्यांची पकड सुटते, कापड जागचं हलत नाही आणि सुई तिथेच टोचत राहते. सॅटिन फुटाच्या, म्हणजे दाट झिगझॅगच्या फुटाच्या, तळाला मधोमध रुंद खोलगट वाट असते, धाग्याचा उंचवटा त्या वाटेने मागे सरकतो. डब्यातले सगळे फूट उलटे करून ठेवा. अशी खोलगट वाट असलेला एक त्यात सापडेल, बऱ्याचदा पारदर्शक प्लास्टिकचा असतो. तो लावून टाक्याची लांबी ०.४ ते ०.५ मि.मी. आणि रुंदी ३ ते ४ मि.मी. ठेवा. कापडाखाली पातळ कागद किंवा फाडून काढायचं स्टॅबिलायझर घ्या, नाहीतर गोळा झाला नाही तरी कड आवळली जाईल. वरचं टेन्शन एखाद्या अंकाने कमी करा, म्हणजे बॉबिनचा दोरा वर डोकावणार नाही. अ‍ॅप्लिक वारंवार करणार असाल तर पुढून उघडा असलेला सॅटिन फूट घेण्यासारखा आहे. सुई नेमकी कुठे पडतेय ते दिसतं आणि गोलाईवर वळणं सोपं जातं.

ओव्हरकास्टचा हरवलेला फूट तुमच्याच मशीनच्या मॉडेलचा घ्या. ह्याला एक बारीक तार असते, टाका त्या तारेवरून पडतो आणि मग मागे सरकून सुटतो. त्यामुळे पातळ कापडाची कड आत गुंडाळली जात नाही. पण तार आहे म्हणूनच अरुंद टाका किंवा मधला सरळ टाका लावला तर सुई तारेवर बसते. झिगझॅगची रुंदी ५ मि.मी. किंवा जास्त, आणि कापडाची कड फुटाच्या गाइडला टेकलेली, एवढं सांभाळा.

आता फ्रॉक. कन्सील्ड चेनचा फूट घेणं ही या सगळ्यातली सर्वांत सार्थ खरेदी ठरेल. नेहमीच्या चेन फुटाने कन्सील्ड चेन लावता येते, पण चेनचे दात बोटाने सतत उलटे धरावे लागतात आणि साटिनवर जराही हात हलला की वाकडी शिवण लगेच दिसते. कन्सील्डच्या फुटाच्या तळाला दोन बोगदे असतात, मधे सुईचं भोक. चेनचे दात बोगद्यात शिरले की ते आपोआप उभे राहतात आणि सुई त्यांच्या अगदी मुळाशी पडते. धातूचा घ्या. प्लास्टिकच्या काही फुटांना बाजूला सरकणारा जोड असतो, तो शिवताना अर्धा मि.मी. जरी हलला तरी इथे सगळा खेळ त्या अर्ध्या मि.मी.चाच आहे.

चेन उघडणीपेक्षा ३-४ सें.मी. लांब घ्या. साटिनला माया (शिवणीबाहेर सोडलेलं जास्तीचं कापड) असेल त्या पट्टीवर उलट बाजूने दीड-दोन सें.मी. रुंदीचं पातळ फ्यूजिंग (इस्त्रीने चिकटणारं अस्तर) चिकटवा, नाहीतर चेनपाशी कापड लाटांसारखं दिसेल. कडा आधीच ओव्हरकास्ट करून घ्या आणि चेनखालची शिवण आत्ता घालू नका, ती शेवटी. चेन पूर्ण उघडा, आतल्या बाजूने कोमट इस्त्रीच्या टोकाने गुंडाळलेले दात उलगडून सपाट करा. इस्त्री सिंथेटिकच्या खुणेवर ठेवा, जास्त तापली तर नायलॉनचे दात वितळतात आणि रनर (चेन उघडबंद करणारी कडी) पुढे अडतो. इस्त्री केल्यावर चेन बंद करू नका, बंद केली की दात पुन्हा गुंडाळले जातात.

कापडाच्या सुलट बाजूवर चेन सुलट बाजू खाली करून ठेवा, दात बरोबर शिवणरेषेवर आणि पट्टी मायेच्या बाजूला. टाचण्यांपेक्षा धावदोरा घाला. साटिनवर टाचणीची भोकं राहतात आणि मधे चेन सरकतेही, म्हणून धावदोराही मायेतच राहील असा घाला. ७० नंबरची धारदार टोकाची नवी सुई, टाक्याची लांबी २.५, सुई मधल्या जागी. वरून खाली शिवत या आणि फूट रनरला टेकला की थांबा, दोन टाके मागे घ्या. फूट उचलून रनरवरून जायचा प्रयत्न करू नका.

दुसरी बाजू जोडण्याआधी चेन बंद करून कमरेची शिवण जिथे येते तिथे दुसऱ्या पट्टीवर खडूने खूण करा. ही एक खूण विसरली की कमरेची रेषा चेनच्या दोन्ही बाजूंना वर-खाली होते, आणि मग उसवण्यावाचून गत्यंतर नाही. दुसरी बाजूही वरूनच खाली, दुसऱ्या बोगद्यातून. दोन्हीकडे एकाच दिशेने शिवल्याने कापड वेगवेगळ्या बाजूंना ताणलं जात नाही.

मग चेन बंद करा आणि नेहमीचा चेन फूट लावा, कारण उरलेली शिवण कन्सील्डच्या फुटाने जवळ नेता येत नाही. चेनचं मोकळं टोक बाजूला ओढून धरा. चेनच्या शिवणीच्या शेवटच्या टाक्यांच्या अर्धा सें.मी. वरून, केसभर बाहेरच्या बाजूने सुरुवात करून खाली शिवत जा. इथे सहसा एक छोटा फुगवटा येतो. तो आला तर सुरुवात खूप आत किंवा खूप खाली झाली असं समजा, तेवढेच ४-५ टाके उसवून पुन्हा घाला. चेन लावून झाल्यावर बाहेरून पट्टी दिसत असेल तर उसवू नका, दात अधिक सपाट करून पहिल्या शिवणीपेक्षा दातांच्या जवळून आणखी एकदा शिवा. उलट रनर जड चालत असेल तर सुई दातांत गेली आहे, तेवढा भाग उसवावा लागेल.

कमरेच्या चुण्यांसाठी फूट घेऊ नका. चुण्यांचा फूट कापड गोळा करतो खरा, पण किती गोळा करायचं ते तोच ठरवतो, आणि फ्रॉकच्या कमरेचं माप तर ठरलेलं असतं. त्यापेक्षा ४ ते ५ मि.मी. लांब टाक्याच्या दोन ओळी शिवणरेषेच्या दोन्ही बाजूंना घाला, वरचं टेन्शन थोडं सैल, आणि दोन्ही बॉबिनचे दोरे एकत्र ओढा. चार भागांत खुणा करून चुण्या सारख्या वाटा. मधोमध शिवण घातली की बाहेरची ओळ काढून टाका, तिच्या भोकांचा माग साटिनवर राहू शकतो म्हणून सुई बारीकच हवी.

चुण्यांचा फूट उपयोगी पडतो तो लांबलचक झालरींना, जिथे दहा-वीस सें.मी. इकडेतिकडे झालं तरी बिघडत नाही. तो कधी घेतलात तर गणित असं करा. त्याच कापडाची ३० सें.मी. पट्टी फुटाखालून घाला आणि उरलेली लांबी मोजा. ती १८ सें.मी. झाली, आणि तुम्हाला २४० सें.मी. झालर हवी, तर ४०० सें.मी. पट्टी लागेल. टाका लांब केला किंवा वरचं टेन्शन वाढवलं की चुण्या दाट होतात. जाड कापडावर मात्र काही केलं तरी होत नाहीत. रफलर नावाचा मोठा, आकड्यांची पट्टी असलेला फूट ठरावीक अंतरावर प्लीट घालतो: १, ६ किंवा १२ टाक्यांमागे एक. २.५ मि.मी.च्या टाक्याला ६ वर लावला तर प्लीट सुमारे १५ मि.मी. अंतराने पडते. सुंदर काम करतो, पण जड असतो, आणि त्याच्या दुहेरी टोकाचा हात सुईच्या स्क्रूवर नीट अडकवला नाही तर काहीच करत नाही.

शिफॉन अवघड आहे, ते आधीच सांगतो, आणि दोष तुमच्या हाताचा नसतो. दुमडीच्या फुटाला पुढे गोगलगाईसारखी एक वळणदार पट्टी असते, कापडाची कड तिच्यातून फिरून दोनदा दुमडली जाते आणि मग सुईखाली येते. २, ४ आणि ६ मि.मी. अशी मापं मिळतात. शिफॉनच्या स्कार्फला २ मि.मी. शोभतो, पण हात बसेपर्यंत ४ मि.मी.चा घेऊन सुती व्हॉइलच्या चिंधीवर अर्धा तास घालवा. दुमड जेवढी रुंद, त्याच्या साधारण दुप्पट कापड आत जातं, म्हणून २ मि.मी.साठी प्रत्येक बाजूला ५-६ मि.मी. आणि ४ साठी १० मि.मी. माया धरा.

शिफॉनला आधी पातळ स्टार्च मारून इस्त्री करा, कागदासारखं कडक होईपर्यंत. काम झाल्यावर धुतलं की ते निघून जातं. कड ताज्या धारेच्या कात्रीने आणि सरळ धाग्यावर कापलेली हवी. धागे सुटलेली कड वळणात अडकते आणि दुमडीतून केसाळ धागे बाहेर येतात. ६० किंवा ७० नंबरची सुई, टाका २ ते २.५ मि.मी.

सुरुवात वळणातून करू नका. पहिले तीन-चार सें.मी. हाताने दोनदा दुमडून इस्त्री करा, फुटाखाली ठेवून चार टाके घाला आणि मागे लांब दोरे ठेवा. सुई कापडातच ठेवून फूट उचला, दुमडीच्या पुढची कड वळणात सरकवा, फूट खाली घ्या, आणि सुरुवातीला मागचे दोरे हलके धरून शिवा. आता सगळं लक्ष उजव्या हाताकडे. कड किंचित उभी आणि एकसारख्या रुंदीने आत गेली पाहिजे. कमी गेली तर दुसरी घडी पडत नाही आणि कच्ची कड उघडी राहते. जास्त गेली तर दुमड जाड होते, कापड गोळा होऊन वळणातून बाहेर पडायला पाहतं. तसं होतंय असं वाटलं की थांबा. पुढे रेटलं तर दहा सें.मी. उसवावं लागतं, आणि शिफॉनवर उसवणं म्हणजे अर्ध्या वेळा कापड गमावणं.

स्कार्फच्या समोरासमोरच्या दोन बाजू आधी, मग उरलेल्या दोन. कोपऱ्यात आधीची दुमड असल्याने जाडी तिप्पट होते आणि ती २ मि.मी.च्या वळणात शिरत नाही. कोपऱ्याचे दोन सें.मी. हाताने दुमडून हातशिलाई करणं हाच स्वच्छ मार्ग आहे. गोल कडेला, म्हणजे घेरदार झग्याच्या खालच्या कडेला, या फुटाच्या मागे लागू नका. उरेब ताणलं जातं आणि दुमड पीळ खाते. तिथे कडेपासून ५ मि.मी.वर एक शिवण, तिच्यावरून दुमडून घडीलगत दुसरी शिवण, जास्तीचं कापड अगदी जवळून कापणं, पुन्हा दुमडून शेवटची शिवण, असं तीन फेऱ्यांत केलं की फुटापेक्षा छान उतरतं.

संचातल्या बाकीच्यांपैकी एकाबद्दल मनापासून सांगावंसं वाटतं: मधे पत्ती असलेला एज-स्टिच फूट. दुमडीच्या कडेपासून नेमक्या २ मि.मी.वर वरची शिवण हवी असते, कॉलर, खिसा, पट्टी कुठेही, तिथे पत्ती कडेला टेकवायची, सुई डावीकडे सरकवायची आणि नुसतं पत्तीकडे पाहत शिवायचं. हा ब्लाइंड हेमच्या फुटासारखाच दिसतो, म्हणून इथेही चाक हाताने फिरवून पाहा. तुमच्या मशीनला सुई सरकवता येत नसेल तर मात्र घेऊ नका. टेफ्लॉनचा फूट रेक्झिनसारख्या चिकटणाऱ्या कापडासाठी. वर्षातून एकदा लागणार असेल तर फुटाखाली बटर पेपरची पट्टी ठेवली तरी भागतं. पायपिंगचा फूट दोरीच्या जाडीप्रमाणे घ्यावा लागतो, तळाची खाच दोरीपेक्षा रुंद असली की दोरी आत हलते. काजाचा फूट कधीही दुसऱ्या कंपनीचा घेऊ नका. एका टप्प्यात काज घालणाऱ्या मशीनमध्ये खाली ओढायची कळ फुटावरच्या ठोकळ्याला टेकून लांबी ठरवते, आणि तो ठोकळा जागेवर नसेल तर काज मधेच थांबतं किंवा थांबतच नाही.

कुठलाही फूट घेताना तळावर आणि भोकाच्या काठावर बोट फिरवा, मग जुन्या नायलॉन मोज्यावर घासून पाहा. दोरा ओढला गेला तर परत करा. आडवी पिन सरळ आहे का आणि भोक मधोमध आहे का, तेही तिथेच पाहा. मोठ्या संचांत बिघडतं ते इथेच. ३२ नग एकेक तपासून कुणी घेत नाही.

क्विल्टच्या वॉकिंग फुटाला स्वतःचे दाते असतात. सुई वर असताना ते वरून कापड पकडतात आणि खालच्या दात्यांबरोबर मागे सरकतात, त्यामुळे वरचा थर खालच्याइतकाच ओढला जातो. नेहमीच्या फुटाखाली वरचा थर मागे राहतो, आणि दीड मीटरच्या शिवणीत शेवटी दोन-तीन सें.मी. कापड जास्त उरून सुरकुती पडते. बसवताना होल्डर काढा, फुटाचा दुहेरी टोकाचा हात सुईच्या स्क्रूच्या दांडीवर येऊ द्या आणि मुख्य स्क्रू पेचकसाने घट्ट करा. बोटाने आवळलेला स्क्रू थरथरीने सैल होतो, फूट तिरका होतो आणि पुन्हा सुई जाते. दर अर्ध्या तासाने एकदा तपासा. फुटाचा हात स्क्रूखाली राहिला तर फुटाची यंत्रणा चालतच नाही.

थर मधोमधपासून कडेकडे, दर ८-१० सें.मी.वर वाकड्या सेफ्टी पिनांनी टाचा. टाका ३ मि.मी., फुटाचा दाब कमी करता येत असेल तर एक पायरी कमी, वेग बेताचा. पहिली ओळ मधून घाला, मग एकेका बाजूला. रुंद नक्षीचे टाके या फुटाने घालू नका आणि लांबवर मागेही शिवू नका, त्याचे दाते पुढे नेण्यासाठी आहेत. ओळीच्या सुरुवातीला आणि शेवटी मागे टाका घेण्याऐवजी लांबी १ मि.मी.वर आणून पाच-सहा टाके पुढेच घाला, दोरे सुटत नाहीत.